मला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला, गाव जुन्नर तालुक्यात. लग्नात भेटा, एसटी स्टँडवर भेटा, क्लासच्या बाहेर भेटा, "मग पुढे काय करणार बाळा?" हे येतंच आणि मी उत्तर दिलं की त्यातून अजून चार प्रश्न निघतात आणि तोपर्यंत समोरच्याची एसटी येते. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. पहिला भाग काका, मामा, आत्या, सर, मैत्रिणी सगळ्यांसाठी. दुसरा भाग फक्त एकीसाठी आहे, पंचवीस-सव्वीस वर्षांची झालेली मी. पण तोही कोणी वाचला तर माझी हरकत नाही.

खगोलशास्त्र म्हणजे कुंडली बघायचं ना?

नाही. कुंडली बघतात ते ज्योतिष. खगोलशास्त्र म्हणजे तारे, दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह, गॅलक्सी), त्यांच्यामधला वायू हे सगळं कशाचं बनलंय, किती लांब आहे, कसं बदलतंय हे मोजणं. फिजिक्स आणि गणितच आहे ते, फक्त प्रयोगशाळेतली वस्तू हातात घेता येत नाही, तिच्याकडून जे येतं त्यावरूनच सगळं ओळखायचं.

मग रेडिओ कुठून आला त्यात? आकाशातली गाणी ऐकायची का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. आपल्याला डोळ्याने दिसतो तो उजेड आणि रेडिओच्या लहरी, दोन्ही एकाच जातीच्या, फरक फक्त लांबीचा. ताऱ्यांचा उजेड दिसतो तसं आकाशातल्या कितीतरी गोष्टींमधून रेडिओ लहरी पण येत असतात. विश्वात सगळ्यात जास्त आहे हायड्रोजन, आणि गार, शांत पडलेला हायड्रोजन डोळ्याला दिसतच नाही, पण तो २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ. आपलं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर लागतं, त्याच्या बरंच वर. लांबच्या दीर्घिकेतून निघालेली हीच लहर वाटेत ताणली जाते कारण विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे आपल्यापर्यंत येताना ती अजून लांब, कमी फ्रीक्वेन्सीची झालेली असते. किती ताणली गेली ते मोजलं की ती किती जुनी आहे ते कळतं.

यात "ऐकणं" असं काही नसतं, येतात ते आकडे. डिशवर पडलेला सिग्नल विजेत बदलतो, मग आकड्यांत, आणि आकड्यांवरून कॉम्प्युटर चित्र काढतो.

हे खूळ डोक्यात शिरलं कुठून?

खूळ नाहीये ते, पण शिरलं खोडदमधून. आमच्या भागात जीएमआरटी आहे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर, नारायणगावजवळ. लोक नुसतं "खोडदची दुर्बीण" म्हणतात. बाहेरून आलेल्याला वाटतं कसल्या मोठ्या टीव्हीच्या डिश लावल्यात शेतात. ३० डिश आहेत आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो तेव्हा ती लोकांसाठी उघडी असते, शाळांचं प्रदर्शन भरतं, आणि आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात.

मी पहिल्यांदा डिशच्या बऱ्यापैकी जवळ उभी राहिले तेव्हा जे दिसलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. लांबून ती भरीव पांढरी वाटते पण जवळ गेलं की ती चक्क जाळी आहे. स्टीलच्या बारीक तारा, मागून दोरांनी ताणून धरलेल्या, आणि त्यातून आरपार आकाश दिसतं. वारा सुटला होता आणि तो सरळ जाळीतून निघून जात होता. तिथल्या एका दादांनी सांगितलं की मुद्दामच तसं केलंय. लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा खूप जास्त असते त्यामुळे लहरीला ती जाळी भिंतच वाटते, ती परत फिरते, पण वाऱ्याला अडवणूक होत नाही. म्हणून एवढी मोठी डिश हलकी झाली, स्वस्तात झाली आणि इथेच बनवता आली. ही कल्पना गोविंद स्वरूप सरांची आणि त्यांच्या टीमची. याच सरांनी त्याआधी उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण एका डोंगराच्या उतारावर उभी केली होती, १९७० साली सुरू झाली ती, आणि डोंगर असा निवडला की उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, आता फक्त एकाच दिशेने फिरवत राहिलं की झालं. डोंगर पण कामाला लावला! मला तेव्हाच वाटलं की अशी डोकी जिथे चालतात तिथे मला जायचंय. सर २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेले. मला त्यांना बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं.

३० कशाला? एकच भलीमोठी का नाही बांधली?

कारण बारकावे दिसायला दुर्बिणीचा पसारा मोठा लागतो आणि २५ किलोमीटर रुंद डिश कोणीच बांधू शकत नाही. म्हणून १४ डिश खोडदला मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. सगळ्यांचा सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून मधल्या बिल्डिंगमध्ये येतो आणि तिथे प्रत्येक डिशची दुसऱ्या प्रत्येक डिशशी जोडी लावून तुलना होते. किती जोड्या? अकरावीच्या गणितात परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा आहे, ३० मधून २, उत्तर ४३५. आमच्या वर्गात सर हे गणित हस्तांदोलनाचं उदाहरण घेऊन शिकवतात, मी वहीत बाजूला खोडद लिहिलंय. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची आकाशाकडे बघायची दिशा बदलत जाते, त्यामुळे काही तास एकाच ठिकाणी बघत राहिलं की चित्र भरत जातं.

रात्रभर जागावं लागेल. आणि आपल्याकडे बिबट्या आहे, पोरीच्या जातीने रात्री बाहेर?

आज्जीचा प्रश्न आहे हा आणि आमच्याकडे तो खरा प्रश्न आहे, उसात बिबट्या असतो, अंधार पडला की पोरांना घरात घेतात. मी तारे बघते ते गच्चीवरून, दार आतून लावून. पण आज्जी, रेडिओ दुर्बीण दिवसा पण चालते. सूर्य डोक्यावर असताना पण, ढग असताना पण. तिथे माणसं शिफ्टमध्ये काम करतात, आणि काम असतं कंट्रोल रूममध्ये बसून. शास्त्रज्ञ तर बऱ्याच वेळा तिथे नसतातच, ते पुण्यात नाहीतर दुसऱ्या देशात असतात आणि डेटा नेऊन बसतात.

म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर? त्यात मजा काय?

विज्ञान दिनाला तिथल्या एका मॅडमना मी विचारलं होतं की तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो. त्या म्हणाल्या, कचरा काढण्यात. म्हणजे मोबाइल टॉवर, गाड्यांचे स्पार्क, विजेच्या तारांवरच्या सैल जोडातली ठिणगी, सगळ्यातून रेडिओ लहरी निघतात आणि आकाशातून येणारा सिग्नल यांच्यापुढे इतका बारीक की जत्रेत लाउडस्पीकर लागलेला असताना कोणीतरी लांबून कुजबुजतंय ते ऐकायचं. आधी हा गोंगाट ओळखून बाजूला काढायचा, मग खरं काम.

मला हे काम आवडेल का हे बघायला मी घरीच एक करून बघितलं. मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर पायथनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहायच्या एका भाषेत, खोटा पल्सार बनवला. पल्सार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा, तो गरगर फिरतो आणि प्रत्येक फेरीला आपल्या दिशेने एक ठोका येतो. पहिला सापडलेला पल्सार साधारण दर १.३३ सेकंदाला ठोका देतो, तोच आकडा मी घेतला, आणि त्या ठोक्यावर एवढा गोंगाट टाकला की ग्राफवर नुसतं गवत दिसत होतं, ठोका शोधून सापडेना. मग सगळा डेटा १.३३ सेकंदाच्या तुकड्यांत कापला आणि तुकडे एकमेकांवर ठेवून बेरीज करत गेले. गोंगाट कधी वर कधी खाली त्यामुळे बेरजेत तो एकमेकांना खातो, ठोका मात्र दर वेळी त्याच जागी, म्हणून तो वाढत जातो. दहा तुकडे, काही नाही. शंभर, थोडासा उंचवटा, तो पण खरा का भास कळेना. हजार केले आणि मधोमध टोक वर आलं. आई भाकऱ्या करत होती, मी लॅपटॉप उचलून चुलीपाशी नेला तिला दाखवायला. तिने विचारलं हे खरं आकाशातलं आहे का, मी म्हणलं हे नाही पण खरं असंच शोधतात. तर मजा काय, ही मजा. मला शास्त्रज्ञ हे नाव लावायचंय त्याच्या आधी मला हे रोजचं काम करायचंय, आणि माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच.

किती वर्षं शिकावं लागतं?

बारावीनंतर साधारण दहा-अकरा. हे ऐकून सगळे गप्प होतात म्हणून नीट फोड करून सांगते.

बारावीनंतर दोन-तीन वाटा आहेत. एक, आयसर, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स एज्युकेशन अँड रिसर्च. देशात सात आहेत, पुण्यातलं २००६ मध्ये सुरू झालं. पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, त्यासाठी आयएटी नावाची परीक्षा. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी चारही विषयांचे प्रश्न सारखेच असतात, म्हणून अकरावीला बायो सोडायच्या आधी विचार करा, मी त्यासाठीच चारही ठेवलेत. दोन, नेस्ट परीक्षा, त्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिनाला असलेलं सीईबीएस, या पण विज्ञानाच्याच संस्था. तीन, साधी वाट, जवळच्या चांगल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी किंवा पुणे विद्यापीठात एमएस्सी. इंजिनीअरिंग करून पण येतात.

मग पीएचडी, पाच-सहा वर्षं. जीएमआरटी चालवणारी संस्था एनसीआरए, ती टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात तिच्या शेजारीच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जयंत नारळीकर सरांनी उभी केलेली. दोघांची मिळून पीएचडीसाठी एक प्रवेश परीक्षा असते, शिवाय जेस्ट, टीआयएफआरची परीक्षा वगैरे.

एवढे मार्क आहेत तर नीट नाहीतर जेईई कर की. डॉक्टर हो, मग हौस म्हणून तारे बघ.

आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी नीटच्या मागे आहेत आणि ज्यांना खरंच डॉक्टर व्हायचंय त्यांनी व्हावंच, आमच्या गावात चांगल्या डॉक्टरची गरज आहे. मला पेशंट बघायचे नाहीयेत. जे काम करायची इच्छा नाही ते काम करणारा डॉक्टर कोणाला हवाय? जेईई मेन मी देणार आहे, इंजिनीअरिंगची वाट पण उघडी राहावी म्हणून. जीएमआरटीला इंजिनीअर लागतात, रिसीव्हर बनवणारे, मोटर आणि गिअर सांभाळणारे, सिग्नलचं इलेक्ट्रॉनिक्स करणारे. आयटीआय, डिप्लोमा झालेले टेक्निशियन पण लागतात. हे आमच्या भागातल्या पोरांना कोणी सांगत नाही. सगळ्यांना वाटतं तिथे फक्त शास्त्रज्ञ लागतात.

पैसे मिळतात का त्यात?

पप्पांचा प्रश्न, आणि टोमॅटोचा भाव कॅरेटमागे कसा वर-खाली होतो ते बघत मोठी झालेय त्यामुळे मला या प्रश्नाचा राग येत नाही. पीएचडीला फी भरून शिकायचं असं नसतं, उलट फेलोशिप मिळते. २०२३ पासून केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी सीनिअर झाली की ४२,०००, राहण्याचा भत्ता वेगळा. त्याआधी कॉलेजात असताना इन्स्पायर नावाची स्कॉलरशिप असते, बारावीत बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलं आणि मूळ विज्ञान विषयात डिग्री घेतली तर वर्षाला ८०,००० पर्यंत. हिंजवडीच्या पॅकेजशी तुलना केली तर कमीच आहे, आणि कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उजाडते, हे मी पप्पांना स्पष्ट सांगितलंय. ते म्हणाले, घरचं आम्ही बघतो, तू कर्ज काढायला लावू नको. तेवढी अट मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी खासगी, लाखांत फी असलेल्या कॉलेजांचा विचारच करत नाही.

मुलीला जमेल का?

पल्सार शोधला तोच एका मुलीने. जोसलिन बेल, १९६७, पीएचडीची विद्यार्थिनी होती केंब्रिजला. कित्येक मैल लांब कागदावर पेनाने उमटलेल्या रेघा डोळ्याने तपासत होती आणि तिला एक छोटीशी खूण वेगळी दिसली जी बाकी सगळ्यांनी गोंगाट म्हणून सोडली असती. १९७४ चं नोबेल तिच्या गाइडना मिळालं, तिला नाही. पुढे २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं आणि तिने ते सगळंच्या सगळं, ज्यांना फिजिक्समध्ये सहज जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पीएचडीसाठी देऊन टाकलं. तेव्हा जमेल का हा प्रश्न नाहीये, एकटीला पुण्याला पाठवाल का हा प्रश्न आहे, आणि तो मला नाही, मोठ्यांना विचारायला हवा.

मराठी मीडियमची आहेस, इंग्रजीचं काय?

दहावीपर्यंत सगळं मराठीत. जडत्व, वेग, तरंगलांबी, अपवर्तन हे शब्द मला आधी मराठीत कळले आणि कळले ते पक्के कळले. अकरावीत पहिले काही आठवडे पुस्तक जड गेलं, शब्द अडायचे, कल्पना नाही. मी वहीच्या मागच्या पानांवर शब्दांच्या जोड्या लिहिते. बोलायला अजून अडखळते, ते होईल. नारळीकर सर कोल्हापूरला जन्मले, केंब्रिजला शिकले आणि आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. पोरं सही मागायला गेली की ते म्हणायचे पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. तेव्हा माझ्या मनात बरेच प्रश्न साठलेले होते.

त्या दुर्बिणीमुळेच पुणे-नाशिक रेल्वे अडली ना?

आमच्या तालुक्यात हा प्रश्न जरा आवाज चढवूनच विचारतात. ठरलेला जुना मार्ग दुर्बिणीच्या भागातून जाणार होता आणि रेल्वेचं विजेचं काम, सिग्नल यांचा त्रास होईल म्हणून संस्थेने हरकत घेतली, मग मार्ग बदलायची भाषा सुरू झाली. लोकांचा राग मला समजतो. पुण्याला शिकायला जाणाऱ्या पोरीला रेल्वे मिळाली असती तर माझ्याइतका आनंद कोणाला झाला असता? पण ही जागा उगाच निवडलेली नाही, इथे आजूबाजूला डोंगर आहेत, रेडिओचा गोंगाट कमी होता म्हणून निवडली, आणि ३० डिश उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, रूळ वळवता येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की रेल्वे तालुक्याला मिळालीच पाहिजे आणि दुर्बिणीपासून लांबून मिळाली पाहिजे, आणि ज्या गावांनी इतकी वर्षं दुर्बिणीसाठी बंधनं पाळली त्यांच्या पोरांना ती दुर्बीण नीट आतून दाखवली पाहिजे, वर्षातून एकदा गर्दीत नाही. आपल्याला तिचा उपयोग कळला नाही तर ती आपल्याला अडचणच वाटणार.

बरं, पण शेवटी माणसाला उपयोग काय?

घरातलं वायफाय. ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्रात काम केलेल्या जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या टीमने विस्कटलेला सिग्नल नीट करायची जी युक्ती काढली ती वायफायमध्ये गेली. हे सांगितलं की लोकांचं समाधान होतं. माझं स्वतःचं कारण वेगळं आहे. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली की खोडदच्या दुर्बिणीने एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल पकडला. तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्य पण नव्हता. तो सिग्नल निघाला, मग सूर्य झाला, पृथ्वी झाली, आणि तो येऊन पडला तो आमच्या टोमॅटोच्या वावरांमधल्या जाळीवर. याच्यापुढे मला उपयोगाचं वेगळं कारण लागत नाही.

आता दुसरा भाग. इथून पुढे प्रश्न तुझे आहेत, पंचविशीतल्या माझे, आणि उत्तरं मी आत्ताच देऊन ठेवते.

आयसरला नंबर लागला नाही आणि मी साध्या बीएस्सीला आले. मागे पडले का?

नाही. जॅम आहे, पीएचडीच्या परीक्षा आहेत, बाकीची दारं त्यानंतर पण उघडी असतात हे तुला सोळाव्या वर्षीच माहीत होतं. फक्त एक कर, साध्या कॉलेजात प्रॅक्टिकल नुसतं जर्नल पूर्ण करायला करतात, तू तसं करू नको. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थांमध्ये विद्यार्थ्यांना प्रोजेक्टला घेतात, दर वर्षी अर्ज टाक, सरांकडे शिफारसपत्र मागायला लाजू नको.

पीएचडीचं तिसरं वर्ष आहे, काहीच पुढे सरकत नाहीये. सोडू का?

मला पीएचडीतलं काही कळत नाही. पण दहा तुकडे जोडल्यावर काहीच दिसलं नव्हतं आणि शंभरला भास वाटला होता हे मी तुला वर लिहून दिलंय. त्या दिवशी तू भूक विसरून बसली होतीस. सोडायच्या आधी एक बघ: काम आवडेनासं झालंय, का जिथे बसून करतेस ती जागा, ती माणसं आवडेनाशी झालीत? पहिलं असेल तर सोड, मला राग येणार नाही, सोळाव्या वर्षीच्या पोरीला दिलेला शब्द म्हणून आयुष्य ओढत नेऊ नको. दुसरं असेल तर गाइड बदल, विषय बदल, संस्था बदल, बोल कोणाशीतरी. घरी फोन कर आणि खरं सांग. आईला फिजिक्स नाही समजलं तरी तुझा आवाज तिला समजतो.

चुलतभावाने फ्लॅट घेतला. मी अजून हॉस्टेलला.

त्याचं मनापासून अभिनंदन कर, पेढे खा. तू हे गणित पप्पांसमोर बसून आधीच मांडलं होतंस, तेव्हा तुला आकडे माहीत होते. फेलोशिप आली की थोडे घरी पाठव, थोडे बाजूला ठेव, आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाचं ओझं एकटीने घ्यायचा मोठेपणा करू नको, त्याला पण स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला शिकव.

घरी लग्नाचा विषय निघालाय.

निघणारच, आपल्याकडे बावीसला निघतो, तुझा पंचविशीला निघाला म्हणजे आईने तीन वर्षं कोणाकोणाला तरी थोपवून धरलं असणार, ते आधी लक्षात घे. भांडू नको आणि पळ पण काढू नको. लग्न करावंसं वाटलं तर कर. एकच गोष्ट स्वतः समोर बसून विचार, दुसऱ्या कोणाकडून विचारून घेऊ नको: माझं काम दोन वर्षं दुसऱ्या देशात असेल, चालेल का? पोराचं तोंड उत्तर देताना बघ.

बाहेरच्या देशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधनाचं काम, मिळतेय. जाऊ का?

जा. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत एसकेए नावाची प्रचंड दुर्बीण उभी राहतेय, भारत त्यात आहे, सरकारने त्यासाठी १,२५० कोटी मंजूर केलेत आणि आपल्याकडून एनसीआरए त्यात पुढे आहे. तू शिकून तयार होशील तेव्हाच तिचं काम जोरात असेल असा माझा हिशोब आहे. तिथली माणसं, तिथली मशिनं बघून ये. परत यायचं का ते तिथे गेल्यावर ठरव, इथे बसून मी तुझ्यावर लादत नाही. पण कुठेही असलीस तरी फेब्रुवारीच्या शेवटी जमेल तेव्हा खोडदला ये आणि प्रदर्शनाच्या स्टॉलमागे उभी राहा. मराठीत समजावून सांग. एखादी नववीतली पोरगी जाळीबद्दल विचारेल, तिला "मोठी झाल्यावर कळेल" म्हणू नको, वाऱ्याचं आणि लहरीचं नीट सांग, तिला कळतं.

दुर्बिणीवर वेळ मागायला पहिलं प्रपोजल टाकलं आणि नाकारलं. रडू येतंय.

रडून घे. मग जेव. जीएमआरटीवर वेळ मागणारे जगभरातून असतात आणि द्यायला असतात त्यापेक्षा जास्त तास मागितले जातात, हे तिथेच सांगितलं होतं आपल्याला. परीक्षकांनी काय लिहिलंय ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाच, रात्री वाचू नको. जे बरोबर असेल ते बदल, जे तुला पटत नसेल त्याला आकडे देऊन उत्तर लिही. तोपर्यंत जुना डेटा अर्काइव्हमध्ये पडलेला असतो, ज्यांनी घेतला त्यांच्यासाठी राखून ठेवायची मुदत संपली की कोणालाही वापरता येतो, त्यात दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी असू शकतं, तो उघडून बस. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात. पुढच्या वेळी परत टाक.